व्यवसायजन्य हेतूंचे मापन : द्राक्षबागेतील श्रमिकांच्या संदर्भात

आयुर्वेदीय निदानपद्धतीत हेतूला अग्रस्थान आहे. निदानपंचकाचा आरंभच हेतूपासून होतो आणि निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले पाऊल मानले जाते. असे असूनही आपल्या रुग्णपत्रिकेतील ‘व्यवसाय’ हा रकाना बहुधा एका शब्दात भरला जातो : शेती, मजुरी, नोकरी किंवा गृहिणी. आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांविषयी आपण दहा-बारा प्रश्न विचारतो. परंतु रुग्ण ज्या कामात आणि ज्या वातावरणात दिवसाचे आठ ते दहा तास घालवतो, त्याविषयीची नोंद त्या एका शब्दावर थांबते.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या व्याधींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर त्याचा धंदाही विचारावा, असा आग्रह त्यांनी त्यात धरला. व्यवसायजन्य व्याधींच्या शास्त्राचा हा पाया मानला जातो. गेल्या तीन शतकांत हा प्रश्न पुष्कळ सूक्ष्म झाला आहे. धंदा कोणता, एवढ्यावर आता भागत नाही. त्या धंद्यात कोणत्या द्रव्याचा, कोणत्या मार्गाने, किती आणि किती काळ संपर्क झाला, हे कळल्याशिवाय संशोधनातील निष्कर्षाला आधार राहत नाही. प्रस्तुत लेखात या मापनाचे स्वरूप नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा आणि त्यात वैद्याला काय करता येईल याचा ऊहापोह करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. धोका, संपर्क आणि मात्रा

या तीन संज्ञांची गल्लत नेहमी होते. गोदामात बंद बाटलीत असलेले कीटकनाशक हा धोका होय. ते फवारताना त्याचे तुषार श्रमिकाच्या त्वचेवर पडणे किंवा श्वासावाटे आत जाणे, हा संपर्क होय. त्यापैकी जो अंश प्रत्यक्ष शरीरात शोषला जातो, ती मात्रा होय. एकाच बागेत, एकाच औषधाची फवारणी करणाऱ्या दोघांचा धोका समान असला तरी संपर्क भिन्न असू शकतो. आणि संपर्क समान असला तरी शोषलेली मात्रा भिन्न असू शकते. कपाळ आणि जांघेतील त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कित्येक पट अधिक शोषण करते. घामाने भिजलेला सदरा अंगाला चिकटून राहिल्यास संपर्काचा काळ फवारणीच्या काळापेक्षा लांबतो.

हा विचार आपल्याला अपरिचित नाही. पथ्यापथ्याचे विवेचन करताना चरकाचार्यांनी मात्रा, काल, क्रिया, भूमी, देह आणि दोष यांच्या भेदाने द्रव्याचा परिणाम बदलतो असे सांगितले आहे. व्यवसायजन्य संपर्काचे आधुनिक मापन याच अंगांचा शोध घेते. मात्रा म्हणजे संपर्काची तीव्रता, काल म्हणजे त्याचा अवधी व वारंवारिता, क्रिया म्हणजे कामाची पद्धत, भूमी म्हणजे कामाची जागा आणि देह म्हणजे श्रमिकाचे वय, बल व प्रकृती, असे साम्य पाहता येते. फरक एवढाच की संशोधनासाठी ही अंगे अशा रीतीने नोंदवावी लागतात की दुसऱ्या वैद्यालाही त्याच नोंदीवरून तोच अर्थ काढता यावा.

कारखान्यांसाठी या मापनाची चौकट पूर्वीपासून आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती झाली आणि हवेतील घातक द्रव्यांच्या अनुज्ञेय मर्यादा कायद्याच्या अनुसूचीत आल्या. आठ तासांच्या पाळीतील सरासरी हा त्यांचा मुख्य आधार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० हिने घेतली आहे. परंतु कारखान्याच्या चार भिंतींसाठी घडवलेली ही पद्धत शेताच्या बांधावर जशीच्या तशी चालत नाही. तेथे पाळी नाही, छप्पर नाही आणि वर्षभर एकच काम नाही.

२. द्राक्षबागेचे वर्ष

निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांतील द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. काढणीनंतर साधारण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. जानेवारी ते एप्रिल हा काढणीचा हंगाम. या चक्रात श्रमिकाचे काम दर काही आठवड्यांनी बदलते आणि त्याबरोबर संपर्काचे द्रव्यही बदलते.

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली जाते. हे काम बहुधा फडक्याने किंवा स्पंजने, हाताने होते आणि ते थोड्या दिवसांतच आटोपते. हे द्रव्य त्वचेला दाहक आहे. शिवाय मद्याचे शरीरात पचन करणाऱ्या विकराच्या कार्यात ते अडथळा आणते. त्यामुळे या कामाच्या आगेमागे मद्यपान केल्यास चेहरा व मान लाल होणे, धडधड, मळमळ, डोकेदुखी, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे उत्पन्न होतात. असा रुग्ण सायंकाळी चिकित्सालयात आला आणि ‘आज कोणते काम केले’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर मद्यजन्य पित्तप्रकोप एवढेच निदान होईल आणि मूळ हेतू नोंदीतून निसटेल.

पालवी फुटल्यावर डाऊनी, भुरी आणि करपा या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. पावसाळी हवा राहिली तर त्या अधिक दाट होतात. बोर्डो मिश्रण, गंधक, डायथायोकार्बामेट गटातील बुरशीनाशके, विविध कीटकनाशके आणि वाढनियंत्रके यांचा क्रम लागतो. त्याच काळात विरळणी, डिपिंग, शेंडा मारणे, पाने काढणे ही कामे वेलीखाली उभे राहून, हात वर करून केली जातात. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या या कामांवर असतात आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते.

द्राक्षबागेतील फवारणीचे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात, हे इतर देशांत नोंदले गेले आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी १९६९ साली बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसांत ग्रंथिसदृश विकृती आणि तेथे तांब्याचे अस्तित्व दाखवून दिले. द्राक्षबागेतील फवारणाऱ्याचे फुफ्फुस या नावाने हा विकार ओळखला जातो. अशा श्रमिकाच्या जीर्ण कास-श्वासाच्या नोंदीत बोर्डोच्या फवारणीचा उल्लेख नसेल, तर त्याचा संबंध कधीच जोडला जाणार नाही.

३. मापनाच्या पद्धती

संपर्क मोजण्याच्या पद्धती स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाणाऱ्या आहेत. प्रत्येकीची उपयुक्तता व मर्यादा थोडक्यात पाहू.

(अ) व्यवसायाचे नाव. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळी पद्धत. ‘शेतमजूर’ या एका नावाखाली पंप चालवणारा, औषध कालवणारा, विरळणी करणारी आणि केवळ खोकी भरणारी व्यक्ती एकत्र येतात.

(आ) व्यवसाय-संपर्क सारणी. यात प्रत्येक कामासमोर तज्ज्ञांच्या मते संभवणाऱ्या द्रव्यांचा व तीव्रतेचा अंक मांडलेला असतो. मोठ्या समूहाच्या अभ्यासात ती उपयोगी पडते, परंतु एकाच कामातील व्यक्ती-व्यक्तींमधील भेद तिच्यात दिसत नाही.

(इ) प्रश्नावली. अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ साली सुरू झालेल्या कृषी आरोग्य अभ्यासात फवारणी करणारे व त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ८९,००० व्यक्तींचा समावेश आहे. त्यात औषध स्वतः कालवले का, कोणत्या साधनाने फवारले, साधनाची दुरुस्ती स्वतः केली का आणि कोणती संरक्षक साधने वापरली, या उत्तरांना अंक देऊन तीव्रता काढली गेली. तिला फवारणीचे वर्षातील दिवस आणि एकूण वर्षे यांनी गुणले की आयुष्यभराच्या संपर्काचा अंदाज मिळतो. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रश्न मात्र नेमके असावे लागतात.

(ई) प्रत्यक्ष मापन. श्रमिकाच्या गळपट्टीजवळ लहान नमुनापंप लावून त्याच्या श्वासक्षेत्रातील हवा तपासली जाते. शेतीत मात्र त्वचा हा प्रमुख मार्ग असल्याने केवळ हवा मोजून भागत नाही. अंगावर ठिकठिकाणी शोषक पट्ट्या लावणे, हात धुतलेले पाणी तपासणे, यांसारख्या पद्धती त्यासाठी वापरतात.

(उ) जैविक मापन. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट कीटकनाशकांसाठी रक्तातील कोलिनेस्टरेज विकर तपासले जाते. निरोगी व्यक्तींतही त्याची पातळी बरीच कमीअधिक असते. म्हणून हंगामापूर्वीची त्या व्यक्तीचीच पातळी आधाराला घ्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार तांबड्या पेशींतील विकर मूळ पातळीच्या ७० टक्के किंवा त्याहून खाली गेल्यास श्रमिकाला त्या कामावरून दूर केले जाते. हंगामापूर्वीची तपासणी नसेल तर प्रयोगशाळेच्या सर्वसाधारण मर्यादेत बसणारा अहवालही फसवा ठरू शकतो. तसेच ही तपासणी बुरशीनाशकांच्या किंवा हायड्रोजन सायनामाइडच्या संपर्काविषयी काहीच सांगत नाही. एकाच तपासणीने सर्व विषद्रव्यांचा निवाडा होतो, हा समज सोडून द्यावा.

४. ‘मी फवारणी करीत नाही’

द्राक्षबागेतील संशोधन जेथे सर्वाधिक घसरते, ते स्थान हे आहे. सर्वेक्षणात विचारले जाते, ‘तुम्ही फवारणी करता का?’ विरळणी करणारी स्त्री खरेच उत्तर देते, ‘नाही.’ तिची गणना संपर्क नसलेल्या गटात होते. परंतु सकाळी फवारलेल्या बागेत ती दुपारी काम करते. पानांवरील व घडांवरील अवशेष तिच्या हातांना, बाह्यांना, मानेला लागतात. तोच हात डोक्यावरचा पदर सावरतो आणि त्याच हाताने ती भाकरी खाते. त्या दिवशीचा तिचा त्वचामार्गे संपर्क ट्रॅक्टरवर बसून ब्लोअर चालवणाऱ्यापेक्षा अधिक असणेही शक्य आहे.

या चुकीचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. समजा, खरोखर संपर्क असलेल्या २०० जणांपैकी ६० जणांना त्वग्विकार आहे, म्हणजे ३० टक्के. संपर्क नसलेल्या २०० जणांपैकी २० जणांना आहे, म्हणजे १० टक्के. धोका तिप्पट आहे. आता संपर्क असलेल्यांपैकी ८० जणी ‘फवारणी करीत नाही’ म्हणून दुसऱ्या गटात गेल्या आणि त्यांतील २४ जणींना त्वग्विकार आहे. पहिल्या गटात १२० पैकी ३६ रुग्ण उरले, म्हणजे पूर्वीप्रमाणेच ३० टक्के. दुसऱ्या गटात मात्र २८० पैकी ४४ रुग्ण झाले, म्हणजे जवळजवळ १६ टक्के. तिप्पट धोका आता दुपटीहूनही कमी दिसतो. रुग्णपरीक्षेत कोणतीही चूक झालेली नाही, गणितही बरोबर आहे. केवळ हेतूची नोंद ढिली राहिल्याने व्याधीचे कारण अर्ध्यावर झाकले गेले. रुग्णसंख्या लहान असेल, तर ‘लक्षणीय संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि तोच पुढे आधार म्हणून सांगितला जाईल.

दुसरा दोष याच्या उलट बाजूचा आहे. फवारणीने ज्यांना त्रास होतो ते हळूहळू ते काम सोडतात आणि ज्यांना सोसते तेच पंपावर राहतात. म्हणून आज फवारणी करणारे कधीकधी इतरांपेक्षा निरोगी दिसतात. यावर उपाय एकच. आजचे काम विचारताना पूर्वीचे कामही विचारावे आणि ते का सोडले, हेही विचारावे.

५. जिल्ह्यातील अन्य दोन व्यवसाय

व्यवसाय बदलला की मोजण्याचे परिमाणही बदलते. सिन्नर परिसरात विडी वळणाऱ्या स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. त्यामुळे रोज किती विड्या वळल्या याची नोंद मजुरीच्या निमित्ताने होतच असते आणि तीच तंबाखूच्या संपर्काचे उत्तम परिमाण ठरू शकते. मूत्रातील कोटिनिन तपासून निकोटिनचे शोषण कळते. मात्र रुग्णा मिश्री लावत असेल किंवा तंबाखू खात असेल, तर कोटिनिन त्यानेही वाढते. तो प्रश्न आधी विचारलाच पाहिजे.

मालेगावच्या यंत्रमाग कामगारांत ध्वनी आणि कापसाची धूळ हे दोन हेतू एकत्र असतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकारात साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत यासाठी सोमवारचा प्रश्न असतो. मालेगावातील माग शुक्रवारी बंद असतात. तेथे ‘सोमवारी त्रास होतो का’ असे विचारले तर उत्तर नकारार्थी येईल. प्रश्न शनिवारचा हवा. हा विकार विणकामापेक्षा कापूस पिंजण्याच्या व सूतकताईच्या कामांत अधिक आढळतो, हेही ध्यानात ठेवावे.

६. रुग्णपत्रिकेत काय नोंदवावे

‘व्यवसाय’ या रकान्याऐवजी पुढील दहा बाबींची नोंद केल्यास तीच रुग्णपत्रिका पुढे संशोधनाला उपयोगी पडू शकेल. यास पाच-सात मिनिटे पुरतात.

(१) गेल्या सात दिवसांत प्रत्यक्ष केलेली कामे, रुग्णाच्या शब्दांत.
(२) प्रत्येक कामाचे रोजचे तास आणि हंगामातील अंदाजे दिवस.
(३) औषध कालवणे, फवारणे, पंप धुणे व दुरुस्त करणे यांपैकी काय स्वतः केले.
(४) साधन : पाठीवरचा पंप, पाइप व गन, की ट्रॅक्टरचा ब्लोअर.
(५) द्रव्याचे नाव. नाव सांगता येत नसल्यास लेबलाचे छायाचित्र मागवावे. लेबलावरील त्रिकोणाचा रंगही नोंदवावा. लाल अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम आहे.
(६) फवारणी न करणाऱ्यास : बागेत शिरण्यापूर्वी किती वेळ आधी फवारणी झाली होती.
(७) हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे यांचा प्रत्यक्ष वापर. कपडे केव्हा बदलले व कोणी धुतले.
(८) कामाच्या जागी पाणी, जेवण, तंबाखू, मद्य.
(९) लक्षणांचा काळाशी संबंध : कामानंतर किती तासांनी सुरू होतात, सुट्टीत कमी होतात का. हा उपशय-अनुपशयाचाच विचार आहे.
(१०) पूर्वीची कामे, त्यांची वर्षे आणि सोडण्याचे कारण.

प्रश्न व्याधीच्या निदानापूर्वी आणि सर्व रुग्णांना सारखेच विचारावेत. त्वग्विकाराच्या रुग्णाला खोदून विचारले आणि आम्लपित्ताच्या रुग्णाला वरवर विचारले, तर संबंध नसतानाही तो दिसू लागतो.

७. फवारणीच्या नोंदवहीतील रिकामा रकाना

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष भारतीय द्राक्षांत आढळल्याने युरोपातील निर्यात मोठ्या अडचणीत आली होती. तेव्हापासून अवशेषांविषयी बागायतदार अधिकच दक्ष झाला आहे. निर्यातक्षम बागेची नोंदणी होते, काढणीपूर्वी नमुने प्रयोगशाळेत जातात आणि फवारणीची नोंदवही ठेवावी लागते. कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या क्षेत्रावर फवारले, हे तीत लिहिलेले असते. व्यवसायजन्य आरोग्याच्या संशोधकाला जी माहिती सहसा कोठेच मिळत नाही, ती येथे तयार आहे.

उणीव एकच आहे. ही नोंद द्राक्षासाठी ठेवलेली असल्याने तीत माणूस नाही. ते औषध कोणी कालवले, कोणी फवारले आणि त्यानंतर बागेत प्रथम कोण शिरले, यासाठी एक रकाना वाढवला, तर तीच वही श्रमिकाच्या संपर्काचा अभिलेख होईल. दूरदेशीच्या ग्राहकाच्या घासात किती अवशेष जावा याचे मोजमाप आपण दशलक्षांशापर्यंत करतो. तो घड हातात धरून विरळणी करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला काय येते, याची निदान नोंद तरी व्हावी. आपल्यापैकी अनेकांचे बागायतदारांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत. ही सूचना वैद्याच्या तोंडून गेल्यास ती मानली जाण्याची शक्यता अधिक आहे.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवरील फवारणीने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्यापेक्षा उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, अधिक दाबाचे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. ही सर्व कारणे संपर्काचीच अंगे होत आणि त्यांचा शोध दुर्घटनेनंतर घ्यावा लागला. फवारणीच्या कामातील व्यक्तींच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. नियमित नोंद असती तर धोक्याची चाहूल आधी लागण्यास वाव होता.

८. काही दक्षता

या विषयात आयुर्वेदीय परिभाषा वापरताना संयम हवा. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वर्णिलेले दूषीविष, म्हणजे शरीरात मंदवीर्य होऊन राहणारे आणि देश, काल, आहार यांच्या अनुषंगाने पुन्हा उद्रेक पावणारे विष, ही कल्पना दीर्घकालीन अल्पमात्र संपर्काचा विचार करताना मार्गदर्शक वाटते. परंतु फवारणी करणाऱ्या प्रत्येकाच्या कंडू, अग्निमांद्य आणि दौर्बल्यावर दूषीविषाचे नाव लावणे हे निदान नव्हे. संपर्क मोजल्याशिवाय तो सिद्धांत पडताळता येणार नाही.

तीव्र विषबाधेच्या लक्षणांत, म्हणजे लालास्राव, बाहुल्या बारीक होणे, स्नायूंचे स्फुरण, श्वासकष्ट यांत, नोंदी करीत बसू नये. दूषित कपडे उतरवून, अंग धुऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे व औषधाचे लेबल सोबत द्यावे.

श्रमिकाने दिलेली माहिती मालकाच्या किंवा मुकादमाच्या कानी जाता कामा नये. रोजगार जाण्याच्या भीतीने तो पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. संशोधनासाठी नोंद वापरायची असल्यास त्याची संमती आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता घ्यावी.

उपसंहार

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. आयुर्वेदाच्या स्नातकोत्तर प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला निफाड-दिंडोरीचे शिवार तासाभराच्या अंतरावर आहे. हवेचे नमुने घेणारी यंत्रे आपल्यापाशी नसतील, रक्ततपासणीचा खर्चही प्रत्येक वेळी परवडणार नाही. परंतु एकाच गावात वीस-पंचवीस वर्षे त्याच कुटुंबांना पाहणारा वैद्य, हे साधन मोठ्या संशोधनसंस्थांनाही सहजी उपलब्ध नसते. त्याने एका हंगामात शंभर रुग्णांच्या दहा बाबी नीट नोंदवल्या, तर हेतू आणि व्याधी यांच्यामधील दुवा दाखवणारी अशी सामग्री उभी राहील की जिच्यावर पुढील प्रत्यक्ष मापनाची रचना करता येईल. येत्या फळछाटणीपासून आपल्या चिकित्सालयात या नोंदींचा आरंभ करावा, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.